वाचकाचा कॉल आहे, लाईनवर राहा

समोरच्या टेंभरे मावशींना माझ्याशी बोलायचं असलं की त्या फोन करतात. त्यांच्या आणि आमच्या घराच्या मध्ये गोंदियाजवळच्या कुडव्याचा एक अरुंद रस्ता आहे, आणि तोही अर्धा आमच्या मोटारसायकलनं अडवलेला. ओट्यावरून साधी हाक मारली तरी मला ऐकू येते. फोनवर बोलतात तेव्हा त्यांचा आवाज मला एकदा रिसीव्हरमधून आणि एकदा खिडकीतून असा दोनदा मिळतो. तरी फोनच. मी उचलला की पलीकडून सरकारी आवाज येतो, "हॅलो, कुडवा? वाचकाचा कॉल आहे. लाईनवर राहा." थोडी शांतता. मग त्याच मावशी वेगळ्या आवाजात, "हां, वाचक बोलून राहिली. नवा भाग वाचला. ड्रॅगन ठीक हाय. पण त्या पोराच्या पायात चप्पल हाय की नाही?"

हा पोरगा कोण आणि मावशी त्याची वाचक कशी झाली हे सांगायचं तर मला स्वतःची थोडी बेअब्रू करून घ्यावी लागेल. आधी मावशींचं सांगतो, त्यात माझं काही जात नाही.

मावशी गोंदियाच्या टेलिफोन एक्सचेंजमध्ये ट्रंक ऑपरेटर होत्या. उभा जन्म कानाला हेडफोन लावून त्यांनी लोकांची लग्नं, बाळंतपणं, मयती आणि तांदळाचे भाव एका गावातून दुसऱ्या गावात पोचवले. पुढे घरोघरी थेट नंबर लागू लागले, मावशी निवृत्त झाल्या, पण एक्सचेंज त्यांच्यातून निवृत्त झालं नाही. कुणाचंही बोलणं ट्रंक कॉलच्या हिशेबातल्या तीन मिनिटांच्या वर गेलं की त्या मध्येच हिंदीत विचारतात, "तीन मिनट हो गए, आगे बढ़ाएँ?" भाजीवाल्याला विचारतात, मतं मागायला आलेल्या उमेदवाराला विचारतात. एकदा सत्यनारायणाच्या पूजेत त्यांनी भटजींना विचारलं. भटजी इतके दचकले की साधुवाण्याची नाव बुडायच्या आतच त्यांनी आरती सुरू केली. पटलं नाही तर "राँग नंबर" आणि ऐकायचंच नसलं तर "लाईन खराब हाय", एवढ्या दोन वाक्यांवर मावशींनी कॉलनीतली निम्मी भांडणं जिंकली आहेत.

आता माझं. मी ज्युनियर कॉलेजात अकाउंट्स शिकवतो. तेव्हा माझं वय एकतीस होतं, म्हणजे राजपुत्र, जादू आणि ड्रॅगन यांतून माणसानं बाहेर पडून बरीच वर्षं व्हायला हवीत असं वय. पण एका हिंदी वाहिनीवर रविवारी सकाळी एक जादूची मालिका लागायची आणि ती मी कुणी आलं की चॅनेल बदलून बातम्या लावत, पण न चुकता बघायचो. एके रविवारी राजपुत्र अग्निकेतू कड्याला लोंबकळत राहिला, खाली ड्रॅगन, वर त्याची सावत्र आई राणी कालजिव्हा. पुढच्या रविवारी त्या वेळेला एक माणूस ज्युसर विकत होता. मालिका बंद. अग्निकेतूला तसंच लोंबकळत ठेवणं माझ्यानं होईना. इंटरनेटवर अशा मालिकांच्या पुढच्या गोष्टी आपापल्या मनानं लिहिणाऱ्यांची एक जागा होती, तिला फॅन फिक्शन म्हणतात हे मला तिथंच कळलं. मी 'वज्रनख' या नावानं तिथं मराठीत लिहू लागलो. नाव गुप्त होतं. आईनं ते फक्त कॉलनीत सांगितलं. दूधवाला सकाळी "वज्रनख, अर्धा की एक लिटर?" असं विचारू लागला तेव्हा मला आपल्या कीर्तीचा अंदाज आला.

माझे सगळे वाचक गोंदियाच्या एका ऑटोत मावले असते. "लई भारी, पुढचा भाग टाका," असं ते लिहायचे आणि मी प्रत्येकाला "आपल्यासारख्या जाणकारांमुळे लेखणीला बळ मिळतं" असं उत्तर द्यायचो. लेखणी माझ्याकडे नव्हती, कॉलेजातून घरी आणलेला जुना कीबोर्ड होता आणि त्याचं 'ळ' चालत नव्हतं.

मावशींकडे नवं ब्रॉडबँड आलं होतं. त्यांना मावशी म्हणणारा दिलीप दर दिवाळीला भिलाईहून यायचा, त्यानंच त्यांना कॉम्प्युटर घेऊन दिला होता. क्रोशाच्या रुमालाखालून तो काढून मावशींनी माझे सगळे भाग वाचले आणि पहिला फोन केला. मी सैन्याच्या लढाईवर चार पानं लिहिली होती. नुसत्या तलवारीचं वर्णन एक पान होतं.

"तलवार झाली," वाचक म्हणाली. "राजाची बहीण कुठं गेली? पहिल्या भागात होती ना? भाऊबीजेले बी नाही आली?"

राजाची बहीण मी विसरून गेलो होतो. पुढच्या भागात मी अग्निकेतूचं एका राजकन्येशी लग्न काढलं, तर फोनला प्रश्न आला, राजकन्येचं कुर कोणतं? आम्ही पोवार लोक, आमचे पूर्वज कधीकाळी माळव्यातून आले. आमच्यात एका कुरात, म्हणजे एका कुळात, लग्न करत नाहीत. "दोघाचं एकच निघालं त मंग काय करशील? नगारे वाजवून बसला हायेस." मी म्हटलं, मावशी, ही काल्पनिक भूमी आहे, तिथं तीन चंद्र उगवतात. "उगवू दे ना. लग्न त एकच होऊन राहिलं ना?" शेवटी मी राजकन्येला मनातल्या मनात पटले कुराची करून टाकलं आणि मगच वरात काढली.

पण त्यांचं खरं लक्ष राणीवर होतं. "ते कालजिव्हा काऊन दुष्ट हाय?"

"सावत्र आई आहे ना, मावशी."

"हे कारण झालं? पोरगा लहान असताना त्याले ताप आला, त रात्रभर कोण बसलं? राजा त लढाईवर होता. तूच लिवलं."

साइटवरच्या बाकी मंडळींना असले प्रश्न पडत नव्हते. त्यांना राणीचा मृत्यू हवा होता आणि तो कसा व्हावा यावर तिथं उत्साहानं चर्चा चालली होती. नाशिकच्या एका भगिनीनं उकळत्या तेलाची कढई सुचवली होती. मी ड्रॅगनच्या बाजूनं होतो. येत्या रविवारी राणीचा वध, असं मी जाहीर करून टाकलं.

त्या दिवशी संध्याकाळी फोन वाजला. वाचकाचा कॉल वगैरे काही नाही. मावशी सरळ म्हणाल्या, "बाबू, तिले मारू नको."

मी साहित्यावर बोलू लागलो. संघर्ष, नाट्य, दुष्टांचा नाश, वाचकाच्या मनाची शुद्धी. आमच्या मराठीच्या प्राध्यापकांकडून उसने घेतलेले सगळे शब्द वापरले. तीन मिनिटं कधीच उलटली असतील. त्यांनी टोकलं नाही. माझं संपलं तेव्हा त्यांनी फोन ठेवला. मग आठवडाभर फोन नाही. समोर ओट्यावर दिसल्या तरी त्या तुळशीला पाणी घालण्यात गुंतलेल्या असायच्या.

मी आईजवळ तक्रार केली. आई तांदूळ निवडत होती. "तू तिच्यासमोर सावत्र आई मारून राहिला, मंग ते काय पेढे वाटन? दिलीप तिचा सावत्र पोरगा नाही काय?"

"दिलीप भाचा आहे ना त्यांचा? मावशी म्हणतो की."

आईनं सूप खाली ठेवलं. "लग्न होऊन आली तवा तो सहा वर्साचा होता. त्याच्या आजीनं शिकवून ठेवलं, तुही आई देवाघरी गेली, आता हे तुही मावशी. तो मावशी म्हणे, मंग लोकं बी मावशीच म्हणू लागले. तू इतके वर्स समोर राहतेस ना?"

राहत होतो. दर दिवाळीला दिलीपला भेटत होतो. मागच्याच दिवाळीला मी त्याला म्हणालो होतो, तुमच्यासारखा भाचा मिळायला नशीब लागतं. तो नुसता हसला होता. माणसांचं निरीक्षण हा लेखकाचा प्राण, असं मी स्वतःबद्दलच्या मजकुरात लिहिलं होतं ते त्या रात्री जाऊन पुसलं.

मग मला मोठेपणा सुचला. रविवारी मी जो भाग टाकला त्यात राजपुत्र तलवार उगारतो, राणीच्या डोळ्यांत बघतो, तलवार गळून पडते आणि तो "आई" म्हणून तिच्या पायांवर कोसळतो. आकाशातून फुलं पडली. तीनही चंद्र एकदम उगवले. ड्रॅगनलाही मी रडवला. लिहून झाल्यावर मी ते तीनदा मोठ्यानं वाचलं, इतकं ते मला आवडलं. साइटवर हाहाकार झाला. "वज्रनख, तब्येत बरी आहे ना?" असं नाशिकच्या भगिनीनं विचारलं. मला पर्वा नव्हती. मी फोनजवळ बसून मावशींच्या अश्रूंची वाट बघत होतो.

फोन आला. "वाचक बोलून राहिली. खोटं लिवलं."

"मावशी, तो आई म्हणाला ना?"

"कायले म्हणन? इतके वर्स जे म्हटलं ते एका दिवसात बदलत नाही. आन म्हटलंच, त त्या राणीनं आधी जे केलं ते कोणाच्या नावावर जाईन?" मग हळू आवाजात बोलल्या, आणि पहिल्यांदाच मला त्यांचा आवाज फक्त रिसीव्हरमधून ऐकू आला.

"दिलीप नागपूरले होस्टेलवर होता. त्याचे बाबूजी त आधीच गेले होते. इतवारच्या दिवशी माही ड्युटी राहे. नागपूरची ऑपरेटर लाईन दे. मी विचारो, कोणता नंबर पाहिजे? तो घरचा नंबर सांगे, आमच्या घरचा. घराले कुलूप हाय, हे त्याले माहीत. इकडं मी बसून राहिली, हे बी माहीत. माहा आवाज ओळखत नसन काय? पण ड्युटीवर आपल्या माणसासंग बोलाची मनाई. सुपरवायझर मागंच उभा राहे. मंग मी घरची घंटी वाजवो. रिकाम्या घरात घंटी वाजून राहिली, आन आम्ही दोघं दोन टोकाले ऐकून राहिलो. मी म्हणो, कोणी उचलून नाही राहिलं. तो म्हणे, वाजू द्या. नंतर मी कॉलच्या चिठ्ठीवर 'नो रिप्लाय' लिहो. दर इतवारी. आता याच्यात आई कुठं आली, सांग?"

हे आपल्या गोष्टीत घालता येईल का, असा एक नीच विचार माझ्या मनात डोकावला, तो मी तिथंच दाबला.

तो भाग मी काढून टाकला आणि दुसरा लिहिला. त्यात राजपुत्र राज्य सोडून निघतो, वेशीपाशी घोडा थांबवतो आणि राणीनं बांधून दिलेलं गाठोडं नीट बसलंय का ते दोनदा बघतो. बस. कुणी पाया पडत नाही, कुणी मरत नाही. ऑटोतले निम्मे वाचक उतरून गेले. जे राहिले त्यांनी "काहीच घडलं नाही" असं लिहिलं. मावशींना ते सहन झालं नाही. यांना उत्तर देते म्हणाल्या, आणि मराठीत टाइप करायला शिकवायला मला घरी बोलावलं.

रविवारची दुपार होती. मावशींनी एका बोटानं "तुमाले का कळते" एवढं लिहिलं होतं आणि प्रश्नचिन्ह शोधत होत्या. तेवढ्यात त्यांचा फोन वाजला. त्या जागच्या हलल्या नाहीत.

"मावशी, फोन."

"हो. दिलीप हाय."

"मग उचला ना."

"वाजू दे थोडं," त्या म्हणाल्या. मी कीबोर्डवरून हात काढून घेतला आणि आम्ही दोघं ऐकत बसलो.