खुर्ची, आपापल्या चलनात

परका पाहुणा माणूस चार दिवस सहन करतो, परकी हवाही हळूहळू अंगवळणी पडते, पण परक्या चलनातली किंमत दिसली की तो बिचकतो. मग तो मनातल्या मनात गुणाकार करू लागतो, गुणाकार करता करता भानावर येतो, आणि भानावर आलेला ग्राहक काही घेत नाही. घरबसल्या फर्निचर विकणाऱ्या एका कंपनीने या दुःखाची वेळीच दखल घेतली आणि जगातल्या प्रत्येक ग्राहकाला त्याच्याच चलनात किंमत दाखवणारा स्वतंत्र विभाग उघडला. विभागाचं नाव 'आपलेपणा'. टेबलं तीन, पंखा एक आणि माणूस एकच. त्याला सगळे दरभाऊ म्हणत. (खरं नाव पगारपत्रकात होतं, पण तिथेही ते कोणी वाचत नसे.)

काम वरवर सोपं होतं. बँकेचा दर बघायचा, गुणायचं, आकडा लावायचा. पण नुसत्या गुणाकारातून आलेला आकडा ओबडधोबड दिसतो, असं साहेबांचं मत पडलं. म्हणून आकडे गोल करण्यात आले. गोल करताना किंमत खाली जाणं कंपनीच्या प्रतिष्ठेला शोभत नसल्यामुळे ती दरवेळी वर नेण्यात आली. मग दरभाऊंनी स्वतःच्या डोक्याने एक सुधारणा सुचवली. जिथली माणसं चार दुकानं पालथी घालून मगच खिशात हात घालतात, तिथे किंमत थोडी उतरवावी. जिथली माणसं पहिल्याच आकड्यावर विश्वास ठेवतात, तिथे त्या विश्वासाचा मान राखून ती चढवावी. या सुधारणेबद्दल दरभाऊंना भिंतीवरचं घड्याळ मिळालं. पुढे झालेल्या पाहणीत शंभरातले अठ्ठ्याण्णव ग्राहक समाधानी निघाले. (उरलेल्या दोघांनी दर कसा ठरतो ते विचारलं होतं.) दर कसा ठरतो हे घरातही बोलायचं नाही, बोलल्यास नोकरी गेली समजावी, असा नियम होता. दरभाऊंनी तो आनंदाने मान्य केला होता.

घरात होती आई. गुडघ्यांच्या ऑपरेशननंतर तिला बसता येई, पण आपलं आपण उठता येत नसे. सकाळी दरभाऊ काखेत हात घालून तिला उठवत, सगळं आवरून खुर्चीत बसवत आणि ऑफिसला जात. मधल्या वेळात उठायची पाळी येऊ नये म्हणून ती दिवसभर पाणीच पीत नसे. दरभाऊंना हे कळलं त्या दिवशी त्यांनी आपल्याच कंपनीची यादी उघडली. कंपनीकडे बटण दाबलं की बसलेल्या माणसाला अलगद उभं करणारी खुर्ची होती. (कर्मचाऱ्यांना सवलत नव्हती. आपल्याच माणसांना कसली आलीय सवलत, असं साहेब प्रेमाने म्हणत.)

परदेशातली धाकटी बहीण फोनवर लगेच म्हणाली, "दादा, अर्धे माझे. विचारायचं काय त्यात?"

तिने तिकडे बसून तिच्या चलनात किंमत पाहिली, अर्धी केली आणि पाठवली. ते पैसे इथल्या चलनात उतरले तेव्हा इथल्या किमतीचा जेमतेम तिसरा हिस्सा भरले. कारण ती राहत होती तिथली माणसं चार दुकानं पालथी घालणारी होती.

"अगं, थोडे कमी पडतायत," दरभाऊ चाचरत म्हणाले.

"कमी? बरोब्बर अर्धे पाठवलेत मी. किंमत समोर उघडी आहे माझ्या."

"माझ्याही समोर आहे."

"मग तुझी जास्त कशी? दुकान एक, खुर्ची एक!"

शेवटी नोकरी पणाला लावून दरभाऊ बोलून गेले, "तिकडे कमी दाखवतात गं, इकडे जास्त. तो दर मीच लावलाय. थांब, तुला इथल्या किमतीचा फोटो पाठवतो."

"फोटो कशाला? त्याच कंपनीत आहेस तू, हवा तो आकडा टाकशील. दादा, अडचण होती तर सरळ मागायचे होतेस. आईच्या खुर्चीत कशाला हात मारतोस?"

हे फार लागलं. दुसऱ्या दिवशी दरभाऊंनी साहेबांकडे खुर्चीची खरी किंमत मागितली. साहेब मनापासून गोंधळले. "खरी म्हणजे? कुठल्या चलनात?" त्यांनी चौकशीही केली. खुर्ची बनवणाऱ्या सुताराला किती दिले ते निघालं, पण तेही त्याला बरं वाटेल अशा आकड्यात. खरी किंमत कंपनीत कुणाकडेच नव्हती.

मग भावंडांचे एकमेकांना फोन बंद झाले. बहिणीने हट्टाने तिकडून अख्खी खुर्ची आईच्या पत्त्यावर पाठवली. (किमतीतला फरक कंपनीने 'पोहोच खर्च' म्हणून लावला, तो तिने आनंदाने भरला.) दरभाऊंनीही त्याच हट्टाने इथून अख्खी घेतली. एकाच आठवड्यात बाहेरच्या खोलीत दोन खुर्च्या शेजारी शेजारी उभ्या राहिल्या. आईने बटण दाबलं, उभी राहिली आणि म्हणाली, "लाव रे तिला फोन. सांगते तिला, उठले म्हणून."

"कामात असेल ती, आई."

आई आता पोटभर पाणी पिते. एक दिवस मुलाच्या खुर्चीत बसते, एक दिवस मुलीच्या. दोघांपैकी कुणालाच वाईट वाटू नये, एवढंच तिला बघायचं असतं.

एका आईमागे दोन खुर्च्या खपल्या, हे साहेबांच्या नजरेतून सुटलं नाही. सखोल अभ्यासाअंती, भावंडांत संशय आला की विक्री दुप्पट होते, असा निष्कर्ष निघाला आणि प्रत्येक वस्तूखाली 'नातेवाइकांशी तुलना करा' असं बटण आलं. ते कुठल्या रंगाचं असावं हे दरभाऊंनीच ठरवलं. त्यांना दुसरा पंखा मिळाला.

हे वाचून 'आम्ही नसतो बुवा असे फसलो' असं ज्यांच्या मनात आलं, त्यांची आपलेपणा विभागाने वेगळी सोय केली आहे. त्यांना किंमत आणखी थोडी चढी दाखवतात आणि खाली 'चोखंदळ ग्राहकांसाठी' असं लिहितात. हा वर्ग सगळ्यात मोठा आहे, आणि त्यातल्या एकानेही अजून तक्रार केलेली नाही.