साळवे सरांचा डायनासोर

नाताळच्या गव्हाणीत डायनासोर ठेवणारा माणूस अख्ख्या वर्धा जिल्ह्यात एकच असावा, आणि तो नेमका माझ्या भिंतीला भिंत लावून राहतो.

गव्हाणी म्हणजे येशूच्या जन्माचा देखावा. आपण गणपतीपुढे करतो तसाच. गोठा, गोठ्यात बाळ, मरिया, योसेफ, मेंढपाळ, मेंढरं. नालवाडीत आमच्या गल्लीत साळवे सरांच्या ओट्यावर दर डिसेंबरात ती मांडली जाते. गोठा पऱ्हाटीचा, म्हणजे कापूस वेचून झाल्यावर शेतात उरतात त्या वाळक्या काड्यांचा. मेंढरांच्या अंगावर कापूस आमच्याच वावरातला. इथपर्यंत कोणाची काही तक्रार नाही. पण मेंढरांच्या मागे एक रांग सुरू होते. आधी मासा. मग बेडूक. मग सरडा. मग हिरवागार, लांब मानेचा रबरी डायनासोर. मग माकड, आणि शेवटी अंगाला नारळाच्या शेंड्या चिकटवलेला एक बाहुला, तो आदिमानव. सगळ्यांची तोंडं बाळाकडे.

पहिल्या वर्षी मी विचारलं, "सर, हे काय हो?"

"हे दर्शनाची रांग आहे, भोयरभाऊ. बायबलातला उत्पत्तीचा पहिला अध्याय वाचा. आधी पाण्यातले जीव, मंग जमिनीवरचे, सगळ्यात शेवटी माणूस. विज्ञान काय वेगळं सांगून राह्यलं? कोटी कोटी वर्षं हे सारे या लेकराचीच वाट पाहून राह्यले होते. अन् लेकरू आलं तं दर्शन फक्त मेंढरायले? बाकीच्यायनं काय पाप केलं?"

मी जन्मभर एसटीत नोकरी केलेला माणूस. मला देव कळतो, वेळापत्रक कळतं, पण हे काही झेपेना. मी मान हलवून घरी आलो.

साळवे सर हायस्कूलमधून जीवशास्त्र शिकवून रिटायर झाले. तिथेही त्यांची गंमतच. उत्क्रांती शिकवताना मध्येच डोळे मिटून म्हणायचे, "वा रे देवा, काय डोकं आहे तुझं!" म्हणून शाळेत तक्रार, की विज्ञानाच्या तासाला देव काढतात. चर्चमध्ये मुलांच्या रविवारच्या शाळेत आदाम-हव्वेच्या धड्याला माकड काढायचे, म्हणून तिथे तक्रार. सरांना दोन्हीचं सोयरसुतक नव्हतं. जुने विद्यार्थी भेटले की मात्र पंचाईत. आर्वीच्या बाजारात एक चांगला मोठा व्यापारी त्यांच्या पाया पडायला वाकला, तर सरांनी त्याला वाकलेल्या स्थितीतच विचारलं, "बेडकाच्या हृदयाले कप्पे किती?" तो बिचारा उत्तर आठवेपर्यंत वर येईना.

सरांचं एक वाक्य होतं. वाक्य कसलं, औषधच म्हणा, ते सगळ्या दुखण्यांवर एकच द्यायचे. "देवाले घाई नाई." त्याने जग सावकाश केलं, मन लावून केलं, असा त्यांचा सिद्धांत. पण सिद्धांत जगापुरता ठेवतील तर ते साळवे सर कसले! स्कूटर सुरू होत नाही, देवाले घाई नाई. सिलिंडर आलं नाही, देवाले घाई नाई. माझ्या पोरीचं लग्न जमत नव्हतं, घरात नुसता ताप, तर हा माणूस भिंतीवरून डोकावून म्हणतो, "भोयरभाऊ, माशाच्या पराचा पाय व्हायले किती काळ गेला, माहीत आहे का? देवाले घाई नाई."

मी पेटलो. म्हटलं, "देवाले नसन सर, पोरीच्या चार मावश्यायले आहे!"

या माणसाशी संसार करणं म्हणजे काय असेल, ते रूथवहिनींनाच ठाऊक. वहिनी ठेंगण्या, गोल चेहऱ्याच्या, आणि श्रद्धेच्या एकदम पक्क्या. देवाने सहा दिवसांत जग केलं म्हणजे सहाच दिवसांत केलं, सातव्या दिवशी आराम केला, विषय संपला. जेवणाआधी प्रार्थना करताना नवऱ्याच्या देखत मोठ्याने म्हणायच्या, "हे प्रभू, यायच्या डोक्यातलं माकड काढ." त्यावर सरच ठणठणीत आवाजात "आमेन" म्हणायचे, कारण पोटात कावळे ओरडत असायचे. पण सरांची पाळी आली की ते पहिल्या एकपेशीय जीवापासून आभार मानायला सुरुवात करत. मग वहिनी डोळे मिटूनच म्हणत, "अहो, बेडकापर्यंत तरी पोहोचा, वरण थंडं होऊन राह्यलं."

बाकी प्राण्यांचं वहिनींनी चालवून घेतलं होतं. वाकडं होतं ते डायनासोरशी.

तो सरांनी जाम गावच्या चौकात, हायवेवरच्या खेळण्यांच्या गाडीवर घेतला होता. पोट दाबलं की "चूं" वाजायचा. सर त्याला रांगेतून पुढे काढून अगदी बाळाच्या उशाशी ठेवत. वहिनी ओरडत, "अहो, लेकराजवळ असं जनावर ठेवतेत का कोणी?"

"रूथ, तो शाकाहारी आहे."

"तोंड पाहा त्याचं! शाकाहारी म्हणे!"

"अगं, बाहेरगावचा पाहुणा नाई तो. बाजूच्या चंद्रपूर जिल्ह्यात हाडं सापडली आहेत त्याच्या जातभाईयची. आपल्याच इकडचा आहे."

"मंग तर अजूनच नको," वहिनी म्हणत.

सर दूध आणायला गेले की वहिनी डायनासोर उचलून खाली पायरीवर, चपलांजवळ नेऊन ठेवत. तोंड रस्त्याकडे. सर परतले की तो पुन्हा उशाशी. मला हे सगळं न पाहता कळायचं. भिंतीपलीकडून "चूं" आलं, म्हणजे वहिनींनी हलवला. थोड्या वेळाने पुन्हा "चूं", म्हणजे सर आले. माझी बायको चहा गाळता गाळता म्हणायची, "आलं बाप्पा यायचं जनावर घरात." पूर्ण डिसेंबर असा जायचा. या हलवाहलवीबद्दल मात्र दोघंही एकमेकांशी एक अक्षर बोलायची नाहीत. ठेवायचं आणि उचलायचं.

गल्लीतल्या बायाबापड्या दर्शनाला येत. एका म्हातारीने तर डायनासोरपुढे हळदकुंकू वाहून नारळ ठेवला. तिचा समज असा, की गणपतीला जसा उंदीर, तसं हे येशूबाळाचं वाहन. सर खूश झाले. म्हणाले, "आजी, वाहन नाई, नातेवाईक आहे तो. लांबचा." म्हातारीने "असं का," म्हणून नातेवाइकाला पुन्हा हात जोडले.

मुळात ही गव्हाणी चर्चमध्ये असायची. मग नवे पाळकसाहेब आले. पाळक म्हणजे चर्चचे धर्मगुरू. हे नगरकडचे, तरुण, चष्मा लावणारे, अगदी नेटके. रांग पाहून त्यांचा चेहरा उतरला. "सर, मेंढरं ठीक आहेत. पण हे पवित्र शास्त्रात नाही."

सर म्हणाले, "लूकच्या शुभवर्तमानात मले बैल दाखवा. गाढव दाखवा. नाई ना? मंग बैलाले आमंत्रण कोणी देलं?"

"सर, देवाने सहा दिवसांत..."

"सूर्य कोणत्या दिवशी केला?"

"चौथ्या."

"मंग पहिले तीन दिवस कोणत्या घड्याळानं मोजले, पाळकसाहेब?"

हा संवाद मला सरांनीच सांगितला, तेव्हा पहिल्यांदा मला त्यांचं म्हणणं पटलं. घड्याळाशिवाय ड्युटी लागत नाही, हे एसटीवाल्याला सांगायला नको. पण पाळकसाहेबांना पटलं नाही. रांग चर्चबाहेर आली, ती सरांच्या ओट्यावर. तरी दर नाताळाला पाळकसाहेब सरांकडे येणार, वाद घालणार आणि वहिनींच्या करंज्या खाणार. पहिल्यांदा आले तेव्हा ख्रिस्ती रिवाजाप्रमाणे "सलाम, सर" म्हणत पायरी चढले आणि पाय पडला थेट डायनासोरवर. "चूं!" पाळकसाहेब केवढ्याने दचकले! वहिनींनी आतूनच सुनावलं, "पाहा! पाळकसाहेबायवरही धावून गेला तो. मी म्हणतच होती."

यंदा पोळ्याच्या सुमारास रूथवहिनी गेल्या.

सकाळी चहा ठेवला होता त्यांनी. छातीत कळ आली आणि खाली बसल्या. सर आमच्या दारात आले. "भोयरभाऊ, लवकर! लवकर चला!" हा शब्द मी त्यांच्या तोंडून जन्मात पहिल्यांदा ऐकला. मी गाडी काढली, कशी चालवली माझी मला माहीत. दवाखान्यात पोहोचेपर्यंत सगळं आटोपलं होतं. परत आलो तर शेगडीभर चहा उतू गेलेला. माझ्या बायकोने रडत रडत ती पुसली.

त्यानंतर सर गप्प झाले. स्कूटर सुरू होत नसेल तर गुपचूप पायी जात. ते वाक्य नाही, बेडूक नाही, काही नाही. चर्चमध्ये जाणं बंद. मी मुद्दाम डिवचून पाहिलं. म्हटलं, "सर, जावयाची बदली होईना बरं का." लग्न झालं होतं एव्हाना पोरीचं. वाटलं, आता म्हणतील. ते "होईन," म्हणाले आणि आत गेले. मला रात्री जेवण गेलं नाही. ज्या वाक्यावर मी आयुष्यभर चिडलो, ते ऐकायला माझे कान तरसले होते, काय सांगायचं!

डिसेंबर लागला. ओटा रिकामाच. एका संध्याकाळी पाळकसाहेब माझ्याकडे आले, मोटरसायकलच्या मागे पऱ्हाटीचा भारा बांधलेला. नेटक्या माणसाच्या स्वेटरभर काटक्या.

"काका, माझ्याबरोबर चला. एकट्याने जायची हिंमत होत नाही."

गेलो. सर खुर्चीत बसलेले. दिवासुद्धा लावला नव्हता. मी लावला. पाळकसाहेब उभ्यानेच बोलले, "सर, गव्हाणी करू या. चर्चमध्ये करू या. रांगेसकट."

सर खुर्चीच्या हातावरची धूळ बोटाने पुसू लागले.

"मुलं विचारतात हो. डायनासोर तरी ठेवा, सर." आणि हे म्हणताना त्या माणसाचा आवाज असा काही कापला, की मला हसू आणि रडू एकदमच आलं.

सरांनी वर पाहिलं. "पाळकसाहेब, एक सांगा. माशाले पाय फुटेपर्यंत थांबला देव. दगडाची काळी माती होईपर्यंत थांबला. कशाचीच घाई नाई केली त्यानं. मी जन्मभर लोकायले हेच सांगत आलो. मंग माझ्या रूथच्या बाबतीत त्याले कायची एवढी घाई झाली होती?"

मला वाटलं, आता पाळकसाहेब शास्त्रातलं एखादं वचन काढणार. मी मनात म्हटलं, नका काढू बाप्पा. त्यांनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा लावला.

"मला नाही माहीत, सर."

सर खुर्चीत पुढे सरकले. मग म्हणाले, "इतक्या वर्षांत पहिल्यांदा बरोबर उत्तर देलं तुम्ही." आणि खुर्चीतून उठले. "पऱ्हाटी ओली तं नाई ना? ओली असली की गोठा वाकते."

गव्हाणी चर्चमध्ये नाही झाली. सर म्हणाले, पुढच्या वर्षी पाहू, यंदा घरीच. तिघांनी मिळून गोठा बांधला. पाळकसाहेबांनी मेंढरांना कापूस लावला, आणि सरडा ठेवायची वेळ आली तेव्हा तो स्वतःच उचलून रांगेत ठेवला, फक्त बोटांच्या चिमटीत धरून. "चावत नाई तो," सर म्हणाले. थोडं हसलेही.

नाताळच्या सकाळी मी आणि बायको करंज्या घेऊन गेलो. यंदा करंज्या आमच्या घरून. पायरीवर चपला काढायला वाकलो तर तिथे डायनासोर. तोंड रस्त्याकडे. म्हटलं, गल्लीतल्या पोट्ट्यायनं खेळता खेळता टाकला असणार. वर ओट्यावर गव्हाणीत सगळी रांग नीट होती, बाळाच्या उशाशी तेवढी जागा रिकामी. मी डायनासोर उचलला, तो वाजलाच.

आतून सरांचा आवाज आला, "भोयरभाऊ, ठेवा तो तिथंच. मीच ठेवला सकाळी."

"काऊन, सर? तो तं शाकाहारी आहे ना?"

सर दारात आले. धुतलेला सदरा, नीट भांग. माझ्या हातातल्या त्या हिरव्या जनावराकडे पाहत म्हणाले, "हाव. पण रूथले भेव वाटते ना त्याचं."

मी त्याला होता तसाच चपलांजवळ ठेवला. तोंड रस्त्याकडे केलं, आणि आत गेलो.