हॉर्नीनेसचा रहिवासी दाखला

हॉर्नीनेस हा इंग्रजी शब्द सोमवारी सकाळी साडेदहाला आमच्या कार्यालयात रहिवासी दाखला मागायला आला. हातात लहानशी बॅग, चपला धुळीनं भरलेल्या. मी म्हटलं, बसा. परभाषेतल्या शब्दाला आमच्याकडे राहायचं तर दोन गोष्टी लागतात: ठेवून घेणारं घर आणि मराठी अर्थ. शुक्रवारी साडेबारापर्यंत जमलं नाही, तर ज्या बसनं आला त्याच बसनं परत रवानगी. नियम मी केलेला नाही.

आमच्या साहेबांनी नावातला हॉर्न तेवढा वाचला आणि त्याला वाहन तपासणीला धाडलं. त्यात दोन दिवस गेले. शेरा आला, ‘आवाज येत नाही.’ डोंबल! कसा येणार?

मग अर्थ शोधणं माझ्या गळ्यात पडलं. ‘वासना’ला बोलावलं, तिला कीर्तनातून सुटी मिळेना. ‘माज’ गुरांच्या दवाखान्यातून हलेना. ‘खाज’ आली, पण शिव्या देतच आली. तिला मी हाकलली. ‘चावटपणा’ म्हणाला, “मी आपला बोलण्यापुरता.”

शुक्रवारी बारा वाजता शैलजा खैरमोडे आल्या. वय चोपन्न, ब्लाउज शिवतात. सोबत यजमान दिनकरराव, कागदपत्रांची पिशवी सांभाळत. बाई बाकावर शब्दाशेजारी बसल्या, हळूच काहीतरी विचारून घेतलं आणि माझ्याकडे आल्या.

“याला आमच्याकडे राहू द्या.”

“अर्थ माहीत आहे का?”

“अर्थ माहीत होता हो. शब्द नव्हता.”

अर्थाच्या रकान्यात त्यांनी लिहिलं, ‘जागे आहात का?’

घरमालकाची सही लागते. दिनकररावांनी चष्मा लावून वाचलं.

“अगं, हे तर तू मला रात्री विचारतेस.”

“एकतीस वर्षं.”

“आणि मी म्हणतो, हो, डास फार झालेत.”

“आणि उठून अगरबत्ती लावता.”

बाईंचे डोळे भरले. माझेही भरले, खोटं कशाला बोलू! दिनकरराव पेन धरून नुसते उभे. बाहेर बसचा हॉर्न वाजला. शब्दानं बॅग उचलली.

दिनकररावांनी सही केली. मग भर दुपारी, सगळ्या कार्यालयासमोर, म्हणाले, “शैलजा, मी जागा आहे.”

मी शिक्का मारला. शब्दानं बॅग खाली ठेवली.

“तुम्ही दोघं व्हा पुढे,” तो म्हणाला. “मी येतो संध्याकाळपर्यंत. पत्ता आहे माझ्याकडे.”