बोरकर सरांचे घोडे

घोड्याचं चित्र दिसलं की आमचे शेजारी बोरकर सर आधी लगाम बघतात, मग घोडा, आणि वेळ उरलाच तर स्वार. ब्रह्मपुरीच्या शाळेत त्यांनी जन्मभर चित्रकला शिकवली. आता घरातल्या भिंतींवर जुन्या गोऱ्या चित्रकारांनी रंगवलेले अरबी घोडेस्वार लटकलेले आहेत. छापील प्रतीच, पण सिलिंडरवालासुद्धा त्यांच्यापुढे उभा राहिल्याशिवाय सुटत नाही.

"हा घोडा काऊन उधळला, सांग."

"साप दिसला असन, सर."

"साप नाई बाबू, साहेब दिसला. चित्रकार सांगून राह्यला का, हा मुलूख बेकाबू हाय, याले लगाम पायजे. आमचा. समजलं?"

"समजलं. सिलिंडर कुठी ठेवू?"

सरांचं दुसरं दुखणं स्वाराचं. "घोड्याची शीर न् शीर काढली, अन् मानसाचं तोंड फडक्यात. त्याले नावबी नाई." तो स्वार जणू त्यांचा सख्खा साडू.

यंदा माझ्या भाच्याचं लग्न झालं. वरातीला सिंदेवाहीहून पांढरी घोडी आणली होती. नवरदेव भीतीनं लगाम आवळून बसलेला. सर बँडमधून वाट काढत पुढे आले.

"लगाम सैल कर. तू लगनाले चालला, मुलूख जिंकाले नाई."

त्यानं सैल केला. घोडी नवरदेवासकट रसवंतीकडे वळली आणि तिनं उसाच्या चोथ्यात तोंड घातलं. वऱ्हाड पोट धरून हसलं. नवरदेवाचे वडील, म्हणजे माझे भाऊजी, तेवढे चिडले.

"मास्तर, तुमचं ग्यान घरी ठेवा."

सर बँडच्या मागे सरकले.

जेवणं सुरू झाली तरी सर पंगतीत दिसेनात. रुसून गेले असतील म्हणून मी बाहेर आले. मांडवामागे घोडी बांधलेली. तिचा मालक जेवायला गेलेला, आणि सर तिच्यापुढे बादली धरून तिला पाणी पाजत होते.

"सर, जेवायला चला. भाऊजींचं मनावर घेऊ नका."

"त्याचं काई नाई, वैनी. पोराचा बाप हाय, घाबरला." मग घोडीच्या मानेवरून हात फिरवत म्हणाले, "पंगतीत बसवत नाई. बाजूचा मानूस इचारते, बाई नाई आल्या का? काय सांगाव त्याले?"

सरांच्या पत्नी सुमनताई वारल्यापासून सर कुठल्याच लग्नाला गेले नव्हते, हे माझ्या तेव्हा लक्षात आलं.

मी आत जाऊन दोन ताटं वाढून आणली. आम्ही तिथेच खुर्च्या मांडून जेवायला लागलो. थोड्या वेळानं भाऊजी मठ्ठ्याचा जग घेऊन आले. त्यांनी सरांचा ग्लास भरला आणि आणखी एक खुर्ची ओढून शेजारी बसले.