थोर राज्यात चार खांदे कैसे मिळाले

वंदन प्रथम गजाननास, ज्यास एवढी लांब सोंड असून तो ती शेजाऱ्याच्या घरात खुपसत नाही. आमच्या राज्यात हाच सर्वांत मोठा गुण मानतात. राज्याभिषेक शक तीनशे बारा, भरभराट नाम संवत्सर, मार्गशीर्ष मास, कृष्णपक्ष, थोरवी दिनाच्या आदल्या दिवसाची हकीकत. हुजुरांची आज्ञा जाहली की, ते दिवशी खुद्द दिवाणसाहेबांनी एका पुकारेकऱ्याच्या कुटुंबास खांदा दिला, त्याची बखर व्हावी, म्हणजे राज्य किती थोर होते ते पुढील पिढ्यांस कळेल. दरबारचे बखरकार मोठे पंडित, त्यांस राजा आणि चंद्र एकाच ओळीत बसविता येतात. परंतु ते म्हणाले, प्रेताचा मजकूर अशुभ, ज्याचा त्याने लिहावा. म्हणोन काम आमच्याकडे आले. आम्ही तो पुकारेकरी. आम्हांस अलंकार येत नाहीत. अलंकार एवढाच ठाऊक की कुटुंबाच्या गळ्यात एक डोरले होते.

राज्याची स्थिती ऐसी होती की रस्ते आरशासारखे, आणि मनोरे ढगांत गेलेले, आणि बोट लावताच ऊन पाणी येई, आणि कुत्र्यांस स्वतंत्र वैद्य होते. घरोघरी पडदे होते आणि पडद्यावर प्रत्येकास हजार मित्र होते, आणि दारावर घंटा होती, ती वाजली की माणसे घाबरत. कोणी उपाशी नव्हते. कोणी कोणाकडे जेवतही नव्हते. लोक उदास होऊ लागले तेव्हा हुजुरांनी आनंदखाते काढले, आणि खात्याने प्रत्येकास रोजची एक आनंदाची घटिका नेमून दिली, आणि त्या वेळी दार लावून आनंदी व्हावे ऐसा नियम केला. आमची नेमणूक नगारखान्याच्या मनोऱ्यावर. रोज सकाळी वर चढून कर्ण्यात ओरडावे, "हे राज्य थोर! थोर! थोर!" पगार बरा होता. तिसऱ्या थोरला आमचा आवाज फाटत असे. आमचे कुटुंब, सगुणाबाई, म्हणे, "दोनदाच म्हणत जा हो. तिसरं ऐकायला कोणी जागं नसतं." मग आम्ही दारात उभे राहून "येतो" म्हणावे आणि तिने आतून "या" म्हणावे आणि आम्ही थोरवी सांगावयास जावे. लेकरू आम्हांस झाले नाही. घरात बोलणे एवढेच, परंतु रोजचे.

कुटुंबास एक खोड होती. तिला गाडी लागत असे. माहेरी जाताना लिंबू हुंगत जाई आणि तरी अर्ध्या वाटेत उतरून चालू लागे, आणि आम्ही मागून पिशव्या घेऊन. एके दिवशी तांदूळ निवडता निवडता म्हणाली, "ऐकलंत का, मेल्यावर तरी मला गाडीत कोंबू नका. चालत न्या." आम्ही म्हणालो, "चालत कशी येशील?" "मी नाही हो, तुम्ही चाला. मी निजलेली असेन." आम्ही रोजचे थोरवी सांगणारे, छाती पुढे काढून म्हणालो, "एवढं थोर राज्य, चार खांदे मिळणार नाहीत?" ती म्हणाली, "चार कशाला, एकाचं नाव सांगा." नाव काही सुचेना. तेव्हा म्हणालो, "दिवाणसाहेब येतील." ती इतकी हसली की सूप कलंडले आणि तांदूळ पुन्हा निवडावे लागले.

मग मार्गशीर्षात तिला ताप आला. राज्याचे वैद्य थोर, त्यांनी तिच्या छातीचे रंगीत चित्र काढून दिले, आणि चित्र फार सुंदर होते, आणि थोरवी दिनाच्या आदल्या पहाटे ती गेली. आम्ही तिच्याजवळ बसून राहिलो. पुकाऱ्याची वेळ झाली तेव्हा सवयीने उठलो आणि दारात उभे राहून "येतो" म्हणालो. उत्तर आले नाही. तेव्हा आम्हांस पुरते कळले.

इतक्यात आनंदखात्याची गाडी खाली येऊन उभी राहिली. आत गारवा, गुलाबाचा वास, मंद सनई. गाडीवाला वर येऊन म्हणाला, "काका, अशी सोय कुठल्या राज्यात नाही. द्या इकडं." आम्ही म्हणालो, "कुटुंबास गाडी लागते." तो म्हणाला, "आता नाही लागायची." आम्ही म्हणालो, "तुम्ही विचारलंत तिला?" त्याने घड्याळ पाहिले. मग म्हणाला, "बरं, खांदे जमले तर न्या खांद्यावर. पण सूर्य मावळायच्या आत. नाहीतर मला नेणं भाग आहे, नियम आहे." आणि खाली जाऊन गाडीत सनई ऐकत बसला.

तेव्हा आम्ही समोरच्या दाराची घंटा वाजविली. समोरचे गृहस्थ आम्ही लिफ्टमध्ये नेहमी पाहत असू. ते लिफ्टचे आकडे बघत आणि आम्हीही तेच बघत असू. दार साखळीपुरते उघडले. "कोण?" "समोरचा." "समोर कोणी राहतं?" आम्ही म्हणालो, "दोघं राहत होतो. कुटुंब गेलं. खांदा हवा होता." ते म्हणाले, "वाईट झालं हो. पण आत्ता माझी आनंदाची घटिका आहे, चुकली तर खातं विचारतं." आणि दार लागले, परंतु हळू लागले. अकरा मजले आम्ही घंटा वाजवीत उतरलो. दारे उघडली नाहीत. मात्र आमच्या फोनावर हात जोडलेली चित्रे येऊ लागली, इतकी की फोन थरथरून खिशात तापला. हात पुष्कळ होते. खांदा त्यांत एकही नव्हता.

खाली थोरवी दिनाची कमान उभारीत होते. तिचे दोन बांबू आम्ही मागितले, आणि कोणाचे लक्ष नव्हते म्हणोन ते मिळाले. एका बांबूस फलकाचा तुकडा चिकटून राहिला होता आणि त्यावर "थोर" एवढेच उरले होते. खरवडले तरी निघेना. कपडे वाळत घालायची तिचीच दोरी सोडून तिरडी बांधली. गाठी वाकड्या आल्या. ती असती तर सोडून पुन्हा बांधल्या असत्या. मग काही सुचेना, तेव्हा आपल्यास एकच काम येते ते करावे म्हणोन मनोऱ्यावर चढलो आणि कर्ण्यात ओरडलो, "पुकारेकऱ्याचं कुटुंब वारलं हो! चार खांदे पाहिजेत! स्मशान लांब आहे, वाटेत खांदेपालट झाला पाहिजे! खांदेपालट झालाच पाहिजे!" राज्यात आमचा आवाज ऐकताच खिडक्या लावण्याची रीत पडली होती, तैशा लोकांनी लावल्या. परंतु राजवाड्याकडे वारा होता. दरबारच्या माणसास दुसरे काही ऐकू येवो न येवो, हा एक शब्द झोपेतही ऐकू येतो. प्रेतावेळी बोलतात तो खांदेपालट निराळा, आणि कारभारी बदलतात तो निराळा, हे तेथे कोणास आठवेना. सरकारी मनोऱ्यावरून, सरकारी कर्ण्यातून, थोरवी दिनाच्या आदल्या दिवशी, "खांदेपालट झालाच पाहिजे!" कारभाऱ्यांच्या हातातले पेले खाली पडले.

आम्ही घरी पोचतो तो लिफ्टमधून कोतवाल बाहेर आले, आणि जिन्याने खजिनदार धापा टाकीत आले, आणि मागच्या बाजूने आनंदखात्याचे अधिकारी आले, आणि शेवटी तोंडावर शाल ओढून दिवाणसाहेब आले. प्रत्येक जण दुसऱ्यास चुकवून आला होता आणि चौघे आमच्या दारात एकमेकांवर आदळले. खजिनदार म्हणाले, "पुकारेकरी, कोणाचं नाव आहे यात? माझं नाही ना?" कोतवाल म्हणाले, "तुला कोणी पढवलं ते बोल." दिवाणसाहेब आमच्या खांद्यावर हात ठेवून गोड आवाजात म्हणाले, "हे बघा, खांदेपालटाचा विषय आपण थोरवी दिनानंतर बसून बोलू." आम्ही म्हणालो, "साहेब, खांदेपालट वाटेत. आधी खांदा तरी द्या." आणि बाजूस सरलो. तेव्हा त्यांस आतली सगुणाबाई दिसली. आनंदखात्याचे अधिकारी नेमणुकीमुळे सदा हसतमुख. त्यांनी तोंड मिटण्याचा पुष्कळ यत्न केला, परंतु सवय मोडेना. मग दिवाणसाहेब हळूच म्हणाले, "म्हणजे तो खांदेपालट होय?" आणि परत जावयास वळले. आम्ही म्हणालो, "साहेब, मी तिला तुमचंच नाव सांगितलं होतं." ते थांबले. का थांबले ते आम्हांस ठाऊक नाही. बखरकारांनी येथे दयेचा सागर लिहिला असता. आम्हांस दिसले ते एवढे की त्यांनी शाल काढली आणि कमरेस बांधली.

लिफ्टमध्ये तिरडी मावेना. राज्याच्या लिफ्टा सोन्याच्या मुलाम्याच्या, परंतु उभ्या माणसापुरत्या. म्हणोन जिन्याने निघालो, आम्ही पुढे मडके धरून, मागे चौघे. कोतवाल उंच, खजिनदार बुटके आणि जाड, त्यामुळे कुटुंब एका अंगास कलंडले. "अहो कोतवाल, वाका जरा!" दिवाणसाहेब ओरडले, "दरबारात बरे वाकता!" कोतवाल म्हणाले, "तिथं पुढं तुम्ही असता!" खजिनदार म्हणाले, "भांडू नका, वहिनी घसरतायत!" राज्यात तिला वहिनी म्हणणारा तो पहिला मनुष्य. खाली गाडीवाल्याने त्यांस पाहिले आणि सनई बंद केली. रस्त्यास लागल्यावर आनंदाधिकारी कुजबुजले, "काहीतरी म्हणतात ना अशा वेळी?" रामनाम म्हणतात हे आम्ही सांगितले, परंतु चाल कोणास येईना, एक पुढे जाई आणि एक मागे राही. चौघांस एकसुरात येणारी घोषणा एकच होती. मग तीच जाहली. "हे राज्य थोर! थोर! थोर!" आमचाच पुकारा आमच्याच कुटुंबाच्या पुढे चालला. आम्ही मडके धरून मनात म्हणालो, सगुणे, तू हसतेस हे आम्हांस ठाऊक आहे.

अर्ध्या वाटेत खजिनदारांचा पाय लटपटू लागला आणि ते ओरडले, "खांदेपालट! अहो, खांदेपालट करा!" दिवाणसाहेब दात खाऊन म्हणाले, "शब्द गिळा! लोक ऐकतात!" खजिनदार म्हणाले, "ऐकू देत! माझा खांदा गेला!" मग कोतवालही म्हणाले, "खरंच करा हो!" आणि शेवटी दिवाणसाहेबांनी मान वर करून आभाळाकडे पाहात आरोळी दिली, "खांदेपालट करा, मायबाप!" तेव्हा खिडक्या उघडल्या. कारभारीच भर रस्त्यात आपला खांदेपालट मागतात हे राज्यात कोणी पाहिले नव्हते. लोक पाहावयास म्हणोन खाली आले, आणि जवळ आले तेव्हा पाहण्याजोगे निराळेच निघाले. कोणी पुढे होईना. मग गर्दीतून समोरच्या दाराचे गृहस्थ आले, पायात घरातल्या सपाता तैशाच, आणि खजिनदारांच्या जागी शिरले. त्यांच्यामागे आणखी तिघे आले. त्यांस धरावयाचे कळेना, तेव्हा दिवाणसाहेब म्हणाले, "असं नाही, डावा हात इकडं," जैसे काही जन्मभर तेच करीत होते. सूर्य मावळण्यापूर्वी पोचलो. कुटुंब चालत गेले. गाडी लागली नाही.

पुढे ऐसे जाहले की शेजारच्या राज्याचा दूत थोरवी दिनासाठी पाहुणा आला होता, त्याने गच्चीवरून हे पाहिले आणि आपल्या राजास कळविले की, येथे पुकारेकऱ्याची बायको वारली तरी दिवाण स्वतः खांदा देतो, राज्य थोर खरे. हुजूर संतुष्ट जाहले. आनंदखात्याने खांदेविभाग काढला, आता बटन दाबता चार इसम येतात, गणवेशात, सारख्या उंचीचे. लोक त्यास प्रगती म्हणतात. असेल.

स्मशानातून निघताना कोणी कोणास "येतो" म्हणू नये, मुकाट्याने निघावे, ही जुनी रीत. कारभारी मुकाट्याने गेले, आणि लोक गेले. समोरच्या गृहस्थांस रीत ठाऊक नव्हती. आमच्या दारापाशी ते म्हणाले, "मी धुंडिराज." आणि मग म्हणाले, "येतो हं." अंगावर काटा यावा ऐसी चूक. आमचे वडील असते तर चप्पल फेकून मारते. आम्ही म्हणालो, "या." ते दुसऱ्या दिवशी पातेले घेऊन खरेच आले. पिठले करपले होते आणि मीठ नव्हते, आणि आम्ही दोघांनी ते संपविले.

तात्पर्य, हुजुरांनी पुसले ते हे. राज्य श्रीमंत आहे, यात वाद नाही. थोर किंवा कसे, हे आम्हांस सांगता येत नाही. आम्ही पगारी माणूस, सांगितले तर रोजच्यासारखेच निघेल. पुकारा अजून करितो, मात्र दोनदाच. सकाळी निघताना जुन्या सवयीने दारात उभे राहून "येतो" म्हणतो. समोरच्या दाराची साखळी निघत नाही. परंतु आतून "या" ऐसे येते. लेखनसीमा.