उकंडरावांचा रकाना

"माहं नाव एवढुसं काऊन टाकलं बे?"

उकंडराव शाकिरच्या दुकानात शिरले तेच पेटलेले. धाडच्या एसटी स्टँडसमोरच्या त्या झेरॉक्स-टायपिंगच्या दुकानात त्यांच्या गावच्या सप्त्याची पत्रिका तयार होत होती. तारीख, कीर्तनकार आणि पंगत देणारा असा आठ ओळींचा तक्ता. आठव्या ओळीत, काल्याच्या दिवसासमोर, उकंडरावांचं नाव होतं. पण बाकी सात जणांच्याच मापाचं!

आता काल्याची पंगत म्हणजे काय गंमत आहे? आधीचे सात दिवस कोणी काय वाढलं ते कुत्रं विचारत नाही. काल्याला मात्र पाच गावं जेवतात, लेकी-जावई येतात, यजमानाला फेटा बांधून महाराजांशेजारी बसवतात. मान पाळीनं मिळतो. दरवर्षी प्रत्येकाचं नाव एक ओळ खाली सरकतं आणि काला झालेला पुन्हा पहिल्या दिवसावर जातो. सात वर्षं एकेक ओळ उतरत उकंडराव तळाला पोचले होते. अन् सातव्या ओळीत कोण, तर बांधाचा शेजारी हिंमतराव! त्याच्याएवढंच अक्षर? अंगाची नुसती लाही झाली.

"काका, मोठं करतो, बसा तं खरं," शाकिर म्हणाला. चाळिशीचा शांत माणूस. त्यानं अक्षर मोठं केलं. वर 'उकंड', खाली 'राव'.

"मले तोडलं काऊन बे?"

शाकिरनं रकाना रुंद केला. तसे शेजारच्या रकान्यातले कीर्तनकार चिमटले, त्यांच्या नावांच्या तीन-तीन ओळी झाल्या, तक्ता फुगला आणि उकंडरावांची ओळ घरंगळत दुसऱ्या कोऱ्या पानावर एकटीच जाऊन पडली.

"गावाबाहेर टाकलं मले! हिंमतरावानं चहा पाजला का तुले?"

"थांबा न काका, वरची-खालची जागा कमी करतो, मंग..."

"जागा नाई, नाव हलव! सगळ्यात वर घे. ज्याले खाली पडायचं तो पडीन!"

"पण काका, नाव वर घेतलं तं दिवस..."

"दिवस मले शिकवतं? चूप! हात चालव!"

शाकिरनं हात चालवला. त्यानं उकंडरावांचं नाव उचलून पंगतीच्या रकान्यात पहिलं ठेवलं, बाकीची सात एकेक ओळ खाली ढकलली, समास छाटून सगळं एका पानात कोंबलं आणि कागद काढून पुढं धरला. "काका, नीट वाचून सही करा."

उकंडरावांनी चष्मा लावून आपलं नाव वाचलं. दुसऱ्यांदाही आपलंच वाचलं. 'बरोबर आहे' असं लिहून झोकात सही ठोकली. त्याच दिवशी पाचशे पत्रिका जीपनं पाचही गावांत गेल्या.

सप्ता बसायच्या आदल्या दिवशी सकाळी समितीचे प्रेमानंद दारात हजर. "उकंडभाऊ, उद्याच्या चुली कुठी मांडता?"

"उद्या? उद्या सहदेवची पंगत."

"सहदेव तं देऊळगाव राजाले गेला मेहुण्याकडे. म्हणे पत्रिकेत आपली परवा हाय."

उकंडरावांनी पत्रिका हिसकली. पहिला दिवस: उकंडराव. काला: हिंमतराव. तळपायाची आग मस्तकात गेली.

"त्या शाकिरले सोडत नाई मी!"

"त्याले काऊन?" आतून रुखमाबाई कडाडल्या. "सही कोणाची? गहू गिरणीत गेला नाई, वांगे अजून झाडाले, अन् उद्या गाव जेवाले! नाव मोठं पायजे होतं न? वाढा आता पंगतीत नाव!"

पण गाव उपाशी ठेवता येतं का? दिवसभर गिरणी चालली, शेजारणी वांगी चिरत बसल्या, आणि दुसऱ्या दिवशी दुपारी वरण-बट्टीच्या पंगती सुरू झाल्या. उकंडराव दातओठ खात वाढत होते. काल्याचा दिवस परत मागायचाच, चारचौघांत मागायचा, असं मनाशी पक्कं होतं. ते पुढं झाले, तोंडही उघडलं.

तेवढ्यात महाराज उभे राहिले. "मंडळी, काल्याचा मान हातात होता. तो या माणसानं शेजाऱ्याला दिला आणि स्वतः पहिल्या दिवसावर आला! मीपणा सोडला म्हणतात तो असा!"

टाळ्या पडल्या. हिंमतराव डोळे पुसत आला आणि उकंडरावांच्या पायाच पडला. "उकंडभाऊ, बांधावरून मी तुमाले काय काय बोललो! जावयाले फोन केला, माय बी येऊन राह्यली. तिचा जीव होता काल्यात."

उकंडरावांचं उघडलेलं तोंड तसंच राहिलं. रुखमाबाईंनी मागून कोपर मारलं. "मिटा आता. लोक पाहून राह्यले."

काल्याला हिंमतरावाच्या डोक्यावर फेटा चढला. उकंडराव तिथून उठले ते तडक धाडला. शाकिर त्यांना पाहून खुर्चीतून उभाच राहिला.

"काल्याले पोचाले किती वर्षं लागतीन बे?"

"सात, काका. सालाले एक ओळ."

उकंडरावांनी स्क्रीनकडे जळजळीत पाहिलं. मग म्हणाले, "तवा माहं नाव बारीक टाकजो. सगळ्याइतलंच."