हाळीला बसणारं नाव

आमच्या गल्लीत मूल जन्माला आलं की आधी पेढे येतात, मग पाळणा येतो आणि मग केरबातात्या येतात. नाव काय ठरलंय ते विचारून घेतात, चपला अडकवतात आणि थेट गल्लीच्या तोंडाशी, पिठाच्या गिरणीपर्यंत चालत जातात. तिथं दोन्ही हात तोंडाशी धरून ते नाव जिवाच्या आकांतानं ओरडतात. ज्यांच्या घरचं मूल त्यांनी आपापल्या गॅलरीत उभं राहून ऐकायचं. नाव स्पष्ट ऐकू आलं तर पास. गिरणीच्या घरघरीत बुडालं तर नापास. मग तात्या परत येऊन शेरा देतात, "हाळीला बसत न्हाय."

हाळी म्हणजे लांबून मारलेली हाक, या बांधावरून त्या बांधावर जाणारी. बाकीची माणसं नावाचा अर्थ बघतात, रास बघतात, इंग्रजी स्पेलिंगमध्ये एखादा जादा 'ए' घुसवता येतो का ते बघतात. तात्या फक्त लांबी बघतात, म्हणजे नाव किती लांब जातं ते.

समोरच्या अपार्टमेंटमधल्या एका जोडप्यानं मुलाचं नाव 'कियान' ठरवलं होतं. तात्यांनी गिरणीपाशी जाऊन "कियाऽऽन" अशी हाळी ठोकली. गॅलरीत बापाला काही ऐकू आलं नाही, पण मधल्या दुकानदारानं मान बाहेर काढली आणि विचारलं, "किराणा का तात्या? घरी पोच करू?" त्या बापानं महिनाभर तात्यांशी अबोला धरला. नाव मात्र कियानच ठेवलं. आता ते पोरगं गल्लीत खेळताना त्याची आई वरून हाका मारून दमते आणि शेवटी खाली उतरून त्याला धरून नेते. तात्या हे सगळं कट्ट्यावर बसून बघतात आणि काही बोलत नाहीत. त्यांचं न बोलणं फार लागतं.

हे वेड त्यांना नोकरीतून जडलं. ते एसटीत होते आणि त्यांच्या नोकरीची बरीच वर्षं स्टँडवर लाऊडस्पीकरवरून गाड्या पुकारण्यात गेली. गडहिंग्लज, आजरा, राधानगरी ही नावं त्यांच्या तोंडून अशी बाहेर पडायची की झोपलेला प्रवासी पिशवी घेऊन उभा राहायचा. गाड्यांबरोबर हरवलेली मुलंही तेच पुकारायचे. जुन्या काळी सोपं होतं म्हणतात. 'शंकर सापडला आहे' म्हटलं की कुठून तरी शंकरची आई धावत यायची.

"मग ही नवी नावं आली," तात्या सांगतात. "एकदा एक पोरगं सापडलं, नाव मोक्ष. आता मी काय पुकारू? मोक्ष सापडलेला आहे, तो चौकशी खिडकीजवळ रडत बसलाय, ज्याचा असंल त्यानं घेऊन जावा. स्टँडवरची दोन म्हातारी माणसं हात जोडून उभी ऱ्हायली, पर आई काय येईना. तिला वाटलं, कीर्तनाची जाहिरात चाललीया."

तेव्हापासून त्यांचा एकच नियम: "हरवल्यावर सापडंल असं नाव पायजे पोराला."

गल्लीच्या कोपऱ्यावर माझं पत्रिका छापायचं दुकान आहे. लग्न, वास्तुशांत, बारसं, वाढदिवसाचे फ्लेक्स, सगळं करतो. दुपारच्या वेळी तात्या माझ्या दुकानातल्या स्टुलावर येऊन बसतात आणि छापून पडलेल्या पत्रिका पेपरासारख्या वाचतात. मुलं कुणाची, मुहूर्त काय, यात त्यांना काडीचाही रस नाही. ते फक्त नावं वाचतात आणि गालातल्या गालात हसतात.

"प्रकाशा, रमा परत आली बग," ते एकदा म्हणाले. मला वाटलं, कोणी रमा नावाची बाई माहेरी आली. तर ते एका चिमुरडीच्या पहिल्या वाढदिवसाच्या पत्रिकेकडे बघत होते. "मुक्ता आली. जिजा आली. राघव तर दर हप्त्याला एक येतोय. ही सगळी नावं भंगारात निघाली न्हवती. डेपोत गेलती. रंग देऊन परत मार्गावर आली."

"आणि हौसाबाई?"

"हौसाबाई भंगारात. गुंडू, धोंडूबाई, बायजा, समदी भंगारात. त्यांचं सुटं भाग बी कोण घेणार न्हाय."

हे असं का होतं, याचं उत्तरही त्यांच्याकडे तयार होतं. "आज्जीचं नाव कुणी ठेवत न्हाय. आज्जीनं दम दिल्याला असतोय, कान पिरगाळल्याला असतोय. तिचं नाव काढलं की कान दुखतोय. पणजीचं तसं न्हाय. तिचा निसता फोटो असतोय भिंतीवर, त्यात ती गरीब दिसतीया. म्हणून पणजीचं नाव परत येतंय." मी विचार करून बघितला आणि मला ते पटलं. माझ्या आजीचं नाव मी माझ्या मुलीला ठेवलं असतं का? आजीच्या हातच्या फोकाची आठवण झाली आणि मी विषय सोडून दिला.

एकदा मी सहज विचारलं, "तात्या, मग तुमचं नाव कधी परत यायचं?"

"जोतिबाचं नाव हाय ते," तात्या म्हणाले आणि पुढची पत्रिका उचलली. आमच्याकडं सगळेच असं समजतात. जोतिबा म्हणजे केदारलिंग, केदारचा झाला केर, त्याला लागला बा. केरबा. मीही तोवर असंच समजत होतो.

तात्यांचा मुलगा संदीप कागलच्या पंचतारांकित एमआयडीसीत कामाला आहे. त्याची बायको ऋतुजा गडहिंग्लजकडची, हुशार आणि मोकळ्या स्वभावाची. सासऱ्याला ती 'मामा' म्हणते आणि दोघांचं मस्त जमतं. सकाळचा चहा तात्यांना तिच्याच हातचा लागतो आणि तो पिताना आदल्या दिवशीची नावं तिला वाचून दाखवायची असतात. या ऋतुजाला मुलगा झाला. तात्या आजोबा झाले आणि सगळी गल्ली गिरणीकडे कान लावून बसली. आता तात्यांच्याच घरचं नाव हाळीवर जाणार होतं.

बारशाच्या पत्रिकेचं प्रूफ घेऊन मी त्यांच्या घरी गेलो तेव्हा सगळे बाहेरच्या खोलीत होते. तात्या बाळाला मांडीवर घेऊन बसले होते. सुमनकाकू, म्हणजे तात्यांची बायको, बाळंतिणीसाठी डिंकाचे लाडू वळत होत्या. ऋतुजा म्हणाली, "प्रकाशदादा आलेत तर आत्ताच सांगते. मी नाव ठरवलंय. केरबा."

संदीपला हे आधीच माहीत असावं, कारण तो हसत बापाकडे बघत होता. ऋतुजा उत्साहानं बोलत राहिली. "सगळे जुनी नावं शोधायला लागलेत मामा. आपल्या घरात असताना मी कशाला बाहेर शोधू? अख्ख्या शाळेत दुसरा केरबा नसंल. आणि जोतिबाचं नाव. आणि हाळीला तर काय बसतंय."

मी तात्यांच्या चेहऱ्याकडे बघितलं. मला वाटलं होतं, ते लाजतील, नको नको म्हणतील आणि आतून सुखावतील. त्यांचा चेहरा पडला होता. त्यांनी बाळाला सावकाश काकूंच्या मांडीवर दिलं.

"ते नाव ठेवायचं न्हाय," ते म्हणाले.

"का पण मामा?"

"न्हाय म्हंजे न्हाय. घरात परत हा विषय काढायचा न्हाय." आणि चपला घालून ते बाहेर पडले. इतक्या वर्षांत मी त्यांना सुनेशी असं बोलताना पहिल्यांदाच ऐकलं.

पुढचे काही दिवस त्या घरात विचित्र गेले. सकाळचा चहा तात्या स्टँडवर जाऊन प्यायला लागले. ऋतुजाला काही कळेना. ती मला म्हणाली, "दादा, मी त्यांचा मान म्हणून केलतं. मामांना वाटलं असंल का, मी त्यांच्या नावाची चेष्टा केली?" आणि तिच्या डोळ्यांत पाणी आलं. बारसं तोंडावर आलेलं आणि बाळ बिननावाचं. मला तात्यांचा राग आला. माणसानं हट्टी असावं, पण बाळंतिणीला रडवण्याइतकं असू नये. मी सरळ त्यांना गाठलं आणि म्हणालो, "तात्या, काय असेल ते तिला सांगा. नसेल सांगायचं तर निदान तिच्या हातचा चहा प्या."

त्यांनी चपला अडकवल्या. मग म्हणाले, "तू बी चल."

ऋतुजा बाळाला पाजून नुकतीच उठली होती. काकू स्वयंपाकघरात होत्या. तात्या जमिनीवरच बसले आणि बाळाकडे बघत बोलायला लागले.

"पोरी, माझ्या नावात केदार न्हाय. केर हाय. घरातला झाडून काढल्याला केर."

ऋतुजा त्यांच्यासमोर खाली बसली.

"माझ्या आदी आईची तीन पोरं झाली. एक बी ऱ्हायलं न्हाय. त्यांची नावं चांगली हुती, देवाधर्माची. लोक म्हणायला लागले, तू चांगली नावं ठेवतीस, म्हणून दृष्ट लागतीया. मग मी झालो. आईनं मला सुपात घातलं आणि घरामागच्या परड्यात केराच्या ढिगावर नेऊन ठेवलं. टाकून दिलं म्हणून. शेजारची हुसेनबी आधीच सांगून ठेवल्याली. ती आली, मला उचललं आणि म्हणाली, हे कुणाचं टाकल्यालं पोरगं? मला सापडलं, माझं झालं. मग आईनं तिला सूपभर कोंडा दिला आणि मला इकत घेतलं. तवापासनं मी केरबा. मरणानं वळून बघू न्हाय म्हणून ठेवल्यालं नाव हाय ते. ती हुसेनबी म्हातारी हुस्तोवर मला म्हणायची, तू माझा हायस, तुझ्या आईनं कोंड्यावर फसवलं मला."

तात्या हसले. आम्हाला हसता येईना. मी आजवर समजत होतो की असली नावं आईबापांनी आळसानं ठेवलेली असतात. या बाईनं तर सगळा जीव मुठीत धरून ते नाव ठेवलं होतं.

"हे नाव परत का येत न्हाय, मला म्हाईत हाय," तात्या म्हणाले. "येऊच नये त्यानं. तुझं पोरगं बघ कसं टकाटका बघतंय. सगळ्या सुया टोचून घेतल्यात, वजन वाढतंय. त्याला केरात कशाला टाकायचं? त्याला चांगलं नाव ठेव. उघड उघड ठेव, कुणाला न भिता."

ऋतुजानं डोळे पुसले. "मला म्हाईत नव्हतं मामा."

"कुणालाच न्हाय. तुझ्या सासूला बी न्हाय." स्वयंपाकघरातला भांड्यांचा आवाज थांबला होता.

मग त्यांनी जरा घुटमळत पुढचं सांगितलं. "आई दवाखान्यात हुती, शेवटाला. मी उशाशी बसल्यालो. ती म्हणाली, राघू, पाणी दे. मी मागं वळून बघितलं, कोण आलंय. कुणीच न्हवतं. म्हटलं, आई, राघू कोण? तर म्हणाली, तूच की. पोटात हुतास तवाच ठेवलं हुतं. तोंडातनं काढलं न्हाय कधी." तात्यांनी बाळाच्या पायावरचं दुपटं उगाच सारखं केलं. "जलमभर मनातल्या मनात हाक मारत हुती बाई. पाणी दिलं मी. पर ओ द्यायची ऱ्हाऊन गेली."

आतून काकूंचं नाक ओढल्याचा आवाज आला.

ऋतुजा म्हणाली, "मग राघूच ठेवूया मामा."

तात्या एकदम सावरून बसले. "तसं म्हणून न्हवतं मी सांगितलं."

"मी ठेवते म्हणतीया."

"राघव तर दर हप्त्याला एक येतोय."

"राघव नाही. राघू. दाखल्यावर सुद्धा राघूच लावायचं."

तात्यांनी माझ्याकडे बघितलं. मी छताकडे बघितलं. शेवटी ते म्हणाले, "ऊ लांब हाय. हाळीला बसंल." आणि उठून पाणी प्यायला आत गेले. ते बराच वेळ बाहेर आले नाहीत.

बारसं त्यांच्या दारातच मांडव घालून झालं. खणा-नारळाची ओटी झाली, पाळणा म्हणून झाला. संदीपची बहीण आत्या म्हणून पाळण्याशी बसली. तिनं बाळाच्या कानात कुर्रर्र केलं, नाव सांगितलं आणि बायकांनी रीतीप्रमाणे तिच्या पाठीत असे धपाटे घातले की ती कळवळली. मागच्या बायका ओरडल्या, "अगं, आमाला बी कळू दे की. मोठ्यानं सांग."

"राघू," ती मोठ्यानं म्हणाली.

"ओ," मागून आवाज आला.

सगळ्यांनी वळून बघितलं. तात्या घुगऱ्यांचं ताट घेऊन दारात उभे होते. मांडवात हशा पिकला. एक म्हातारी म्हणाली, "तात्या, तुमाला न्हवं वो. बाळाला हाक मारली." तात्याही हसायला लागले. "व्हय की," म्हणाले, "चुकून गेलं तोंडातनं." सुमनकाकूंनी पदर तोंडाला लावला. त्या हसत होत्या की काय, मला कळलं नाही.

ऋतुजा मात्र हसली नाही. पाळण्याची दोरी तिच्या हातात होती. पाळण्याकडे न बघता, सरळ दाराकडे बघत तिनं पुन्हा एकदा, सावकाश हाक मारली.

"राघू."

तात्यांनी ताट खाली ठेवलं आणि ओ दिली.